तळ्यावरचे विमान : हट्ट पोराचा, अट बापाची

परतीचा पाऊस चांगला झाला की गावोगावचे पाझर तलाव काठोकाठ भरतात. सांडवा वाहू लागतो, रब्बीची पेरणी मार्गी लागते आणि दिवाळीच्या सुटीत पोरे मोकळी होतात. अशा दिवसांत एखाद्या घरात हमखास एक विषय निघतो. नववी-दहावीतला किंवा आय.टी.आय.ला जाणारा मुलगा मोबाइलवर काहीतरी बघून येतो आणि म्हणतो, "आबा, मला विमान करायचंय. रिमोटवर उडणारं. पाण्यावरनंच उडतंय आणि पाण्यावरच उतरतंय." आबा विचारतात, "खर्च किती?" पोरगा चाचरत आकडा सांगतो. "एवढ्यात एक चांगली शेळी येती," असे म्हणून आबा चहाची बशी तोंडाला लावतात आणि विषय तिथेच मिटतो.

वाचकहो, हा विषय एवढ्या लवकर मिटवू नका, हे सांगण्यासाठीच आजचा हा लेख. शेळीचे गणित खोटे नाही. पण हे विमान म्हणजे जत्रेतले खेळणेही नाही. ते मुलाला स्वतःच्या हाताने कापावे, जोडावे, तोलावे लागते. त्यात आर्किमिडीज येतो, वाऱ्याचा अंदाज येतो, बॅटरीचा हिशेब येतो. तेव्हा हो म्हणा. मात्र हो म्हणताना एक अट घाला आणि ती अट शेवटपर्यंत मोडू देऊ नका. विमान पाण्यात बंद पडले, तर ते आणायला कोणीही पाण्यात उतरायचे नाही. या अटीकडे आपण पुढे सविस्तर येऊच. आधी विमान काय आहे ते पाहू.

धावपट्टी गावातच आहे

जमिनीवरून उडणाऱ्या छोट्या विमानालाही पळायला सपाट, मोकळी जागा लागते. आपल्याकडे ती कुठे आहे? शेत म्हटले की ढेकळे, बांध, बोरी-बाभळी आणि डोक्यावरून गेलेल्या विजेच्या तारा. शाळेचे मैदान म्हटले की खडी आणि चारी बाजूंनी घरे. पण भरलेला तलाव पाहा. एकही खड्डा नाही, मध्ये झाड नाही, तार नाही. वारा कुठूनही असो, त्या दिशेला तोंड करून पळता येते. शिवाय नवशिक्याच्या हातून विमान आदळले, तरी मुरमाड जमिनीवर आदळण्यापेक्षा पाण्यावर त्याची मोडतोड कमी होते. म्हणजे शहरातल्या पोरांना जी धावपट्टी मिळत नाही, ती आपल्या शिवारात वर्षातले तीन-चार महिने आयती पडून असते.

पाण्यावरच्या विमानाचे दोन प्रकार आहेत. एकात विमानाचे पोटच नावेसारखे असते, त्याला उडती नाव म्हणा. दुसऱ्यात साध्या विमानाला चाकांऐवजी दोन लांबट फ्लोट लावलेले असतात. विहिरीत पोहायला शिकताना आपण कमरेला भोपळा किंवा पाठीला डबा बांधतो ना, तसलाच हा प्रकार. नवशिक्याने दुसऱ्या प्रकाराने सुरुवात करावी. उन्हाळ्यात तलाव आटला की फ्लोट काढून चाके लावता येतात, हा त्यातला वरचा फायदा.

सायकल दुरुस्त करणाऱ्याची पायरी

पाण्यावरून स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर पहिले विमान उडाले ते २८ मार्च १९१० रोजी, फ्रान्समध्ये मार्सेय शहराजवळच्या एका खाऱ्या सरोवरावर. ते बनवणाऱ्या आँरी फाब्र यांनी त्यापूर्वी कधी विमान चालवलेले नव्हते. पहिल्याच झेपेत ते सुमारे अर्धा किलोमीटर गेले.

पण आपल्याला जवळचा वाटावा असा माणूस म्हणजे अमेरिकेचा ग्लेन कर्टिस. न्यूयॉर्क राज्यात क्यूका नावाच्या तळ्याकाठी हॅमंड्सपोर्ट हे छोटे गाव आहे. भोवताली द्राक्षबागांचा मुलूख. कर्टिसचे शिक्षण आठवीपर्यंतचे. त्याने सायकलींचे दुकान काढले, मग मोटारसायकली बांधल्या आणि मग विमाने. जानेवारी १९११ मध्ये त्याने सान दिएगोच्या खाडीवरून विमान उडवून दाखवले. पुढे १९१२ साली त्याने नावेसारख्या पोटाचे विमान बांधले, तेव्हा मात्र अडचण आली. इंजिन जोर लावत होते, विमान पाणी कापत पळत होते, पण पाणी सोडायलाच तयार नव्हते.

कारण सोपे आहे. गुळगुळीत ओली वस्तू पाण्याला चिकटते. भिजलेले ताट ओल्या फरशीवर पालथे घाला आणि सरळ वर उचलून पाहा, फरशी ते धरून ठेवते. एका कडेने बोट घालून वारा आत शिरू दिला, की ताट सुटते. विमानाच्या तळाचे तेच होते. कर्टिसने तळाला मध्येच एक आडवी पायरी दिली. वेगात पळताना पाणी त्या पायरीपाशी तुटते, मागे हवा शिरते, आणि मागचा अर्धा तळ कोरडा होऊन विमान सुटते. आजच्या मोठ्या जलविमानाच्या तळाला हीच पायरी असते आणि तुमच्या मुलाच्या एक मीटरच्या विमानालाही हीच पायरी लागणार आहे. अनेक मुलांची विमाने तळ्यावर नुसती गरगरत राहतात, कारण त्यांनी मोबाइलवरच्या चित्रात वरची बाजू नीट पाहिलेली असते, तळ पाहिलेलाच नसतो.

मापे आणि तोल

आता कामाचे बोलू. सुरुवातीला पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत १०० सेंटिमीटर आणि रुंदी २० सेंटिमीटर ठेवावी. पंख विमानाच्या वर बसवलेला असावा, म्हणजे विमान आपणहून सरळ राहू पाहते. अंगाची लांबी ७५ ते ८० सेंटिमीटर. सगळे साहित्य व बॅटरी धरून वजन ८०० ग्रॅमच्या आत ठेवायचे. एवढ्या वजनाचे आणि एवढ्या पंखाचे विमान ताशी तीसेक किलोमीटर वेग आला की उचलते. त्याहून जड केले तर जास्त वेग लागतो, आणि पाण्यावर वेग मिळवणे जमिनीपेक्षा अवघड असते.

फ्लोटचे गणित सातवीतल्या मुलालाही येईल. १ ग्रॅम वजन तरंगायला १ घन सेंटिमीटर पाणी बाजूला सारावे लागते. म्हणजे ८०० ग्रॅमच्या विमानाला ८०० घन सेंटिमीटर झाले. पण तेवढ्यावरच भागवले, तर फ्लोट पूर्ण बुडून विमान जेमतेम तरंगेल. म्हणून दोन्ही फ्लोट मिळून दुपटीहून जास्त आकारमान घ्यायचे. प्रत्येक फ्लोट ६० सेंटिमीटर लांब, ६ सेंटिमीटर रुंद व ५ सेंटिमीटर उंच घेतला, तर चौकोनी पेटीचे १८०० घन सेंटिमीटर होतात. पुढचे व मागचे टोक निमुळते केल्यावर त्यातले अकराशे-बाराशे उरतात. दोन्हींचे मिळून बावीसशेच्या वर. हिशेब बसला.

फ्लोटचे पुढचे टोक पंख्याच्या थोडे पुढे आलेले असावे. तसे नसेल तर थांबताना विमान नाकावर जाते. दोन फ्लोटमधले अंतर पंखाच्या लांबीच्या सुमारे चौथाई, म्हणजे २५ सेंटिमीटर ठेवावे. कमी ठेवले तर आडव्या वाऱ्यात विमान कलंडते.

तोल हा सगळ्यात नाजूक भाग. पंखाच्या पुढच्या कडेपासून ५ ते साडेपाच सेंटिमीटरवर दोन्ही बाजूंना बोटे लावून विमान उचलले, तर ते सपाट राहिले पाहिजे. नाक किंचित खाली गेले तरी चालेल, शेपटी खाली जाता कामा नये. न बसल्यास बॅटरी पुढेमागे सरकवून तोल साधायचा, उगाच शिशाचे तुकडे चिकटवायचे नाहीत. फ्लोटची पायरी या तोलाच्या बिंदूच्या एक ते दीड सेंटिमीटर मागे यायला हवी. पायरीची उंची १ सेंटिमीटर पुरे. पायरीच्या मागचा तळ मागे जाताना वर उचलत नेलेला असावा. पायरी फार मागे गेली तर विमान नाक वर करत नाही आणि तळे संपेपर्यंत पळतच राहते. तोलाच्या पुढे गेली तर बेडकासारख्या उड्या मारते. पायरीची कड धारदार ठेवायची. घासून गोल केली, की पाणी तिथून तुटत नाही आणि सगळे मुसळ केरात.

डिंक चुकला की विमान गेले

पूर्वी अशी विमाने बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाची करत. आजही करतात, पण ते महाग पडते. नवशिक्याला स्टेशनरीच्या दुकानातला फोमबोर्ड किंवा छंदाच्या दुकानातला फोमचा तक्ता उत्तम. फ्लोट फोमच्या ठोकळ्यातून कापावेत. ते आतून भरीव राहतात, त्यामुळे भोक पडले तरी बुडत नाहीत. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल वापरता येतो, पण त्याचे दाणे सुटतात आणि वजनही नीट राहत नाही. कापताना उडालेले तुकडे गोळा करून घरी न्या, तळ्यात सोडू नका.

चिकटवताना मात्र डोळे उघडे ठेवा. फेविक्विकसारखा झटपट डिंक थर्माकोलवर टाकला की थर्माकोल विरघळून खड्डा पडतो. चपला चिकटवण्याच्या सोल्यूशननेही तेच होते. साधा पांढरा फेविकॉल थर्माकोल खात नाही, पण पाण्यात भिजला की सुटतो. तळ्यावरच्या विमानाला तो काय कामाचा? तेव्हा सुतारकामात पाण्याच्या जागी वापरतात तो वॉटरप्रूफ फेविकॉल घ्या, आणि मोटार जिथे बसते, फ्लोटच्या काड्या जिथे शिरतात, अशा जोराच्या ठिकाणी अॅराल्डाइट लावा. पंखाच्या पोटात बांबूची तासलेली काडी किंवा पतंगवाले ठेवतात तसली कार्बनची नळी घाला. बांबू आपल्याकडे फुकट आहे आणि काम चोख देतो.

फोमबोर्डच्या वरचा कागद पाणी पितो. म्हणून फ्लोट आणि विमानाचे पोट पार्सलच्या रुंद चिकटपट्टीने घट्ट मढवा. पट्टी पुढून मागे लावत जा, म्हणजे पाण्याच्या धारेने तिची कड उचलणार नाही. तरीही थोडे पाणी आत शिरतेच. १०० मिलिलिटर पाणी म्हणजे १०० ग्रॅम जादा वजन, हे विसरू नका. पोटाच्या मागच्या बाजूला एक छोटे भोक ठेवा, त्याला रबरी बूच मारा, आणि प्रत्येक उड्डाणानंतर बूच काढून पाणी झाडा.

मोटार, बॅटरी आणि फुगा

मोटार म्हणून २२१२ मापाची, १००० केव्हीची ब्रशलेस मोटार, ३० अँपिअरचा स्पीड कंट्रोलर, १० इंचांचा पंखा आणि तीन सेलची २२०० मिलिअँपिअर-अवरची लिथियम पॉलिमर बॅटरी, हा जोड सहज मिळतो आणि ८०० ग्रॅमच्या विमानाला पुरतो. सुकाणू, शेपटी आणि पंखांच्या झडपा हलवायला ९ ग्रॅमच्या चार सर्व्हो मोटारी. हातातला रेडिओ २.४ गिगाहर्ट्झचा घ्यावा. सगळे मिळून खर्च दहा हजारांच्या आसपास जातो. त्यातला मोठा वाटा रेडिओ आणि बॅटरी-चार्जरचा. विमान मोडले तरी हे दोन्ही राहतात आणि पुढच्या विमानाला चालतात. फोमचे अंग पुन्हा करायला काहीशे रुपयेच लागतात. म्हणून आबांनी खर्चाकडे बघताना अंग वेगळे आणि अवजार वेगळे धरावे. नांगर आपण दरवर्षी घेत नाही.

विजेचे सामान पाण्यापासून वाचवायला एक जुनी युक्ती आहे. रिसीव्हर रबरी फुग्यात घालायचा, वायरी बाहेर काढून फुग्याचे तोंड दोऱ्याने बांधायचे, आणि ते तोंड वरच्या बाजूला ठेवायचे. सर्व्होच्या फिरत्या दांड्यावर ग्रीसचे बोट फिरवायचे. स्पीड कंट्रोलर तापतो, त्याला फुग्यात कोंडू नये, वर जिथे वारा लागेल आणि तुषार लागणार नाहीत अशा जागी बसवावा. रिसीव्हरची अँटेना जमेल तेवढी उंच ठेवावी, कारण या लहरी पाण्यातून जात नाहीत. रेडिओचा संपर्क तुटला तर मोटार आपोआप बंद पडावी, अशी सोय रिसीव्हरमध्ये असते. ती घरीच तपासून पाहा. कोकणातल्या वाचकांनी खाडीत उडवले, तर घरी आल्यावर सगळे गोड्या पाण्याने धुऊन सुकवावे, नाहीतर खारे पाणी आठवड्यात वायरी खाते.

बॅटरीबद्दल दोन कडक गोष्टी. २२०० ची बॅटरी २.२ अँपिअरनेच चार्ज करायची, आणि चार्ज होत असताना कोणीतरी समोर बसलेले हवे. रात्री लावून झोपायचे नाही. फुगलेली, चेपलेली किंवा आत पाणी गेलेली बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही. तिला पेट घ्यायला वेळ लागत नाही, आणि कडब्याची गंज किंवा गोठा शेजारी असेल तर पुढचे सांगायला नको. दुसरी गोष्ट म्हणजे घरात मोटार तपासताना पंखा काढून ठेवायचा. दहा इंचांचा पंखा बोट तोडू शकतो.

पाणी कोणते, काठ कोणता

आता जागा. शेततळे मुळीच नको. 'मागेल त्याला शेततळे' योजना २०१६ साली आली आणि शिवारात तळी वाढली, हे चांगलेच झाले. पण तीस मीटरच्या तळ्यात विमानाला पळायला जागा पुरत नाही, भोवती तारेचे कुंपण असते, आणि सर्वांत वाईट म्हणजे त्याला प्लॅस्टिकचे अस्तर असते. त्या निसरड्या उतारावरून एकदा आत गेलेला माणूस पोहता येत असूनही बाहेर येऊ शकत नाही. अशा बातम्या याच पेपरात तुम्ही वाचलेल्या आहेत. विमानापायी त्यात भर नको.

पिण्याच्या पाण्याचा तलाव नको. मोठ्या धरणाची भिंत, वीजगृह यांच्या जवळपास नको. पक्ष्यांची जागा नको. जायकवाडी हे पक्षी अभयारण्य आहे, आणि नांदूर मधमेश्वर २०२० साली राज्यातले पहिले रामसर पाणथळ ठरले. हिवाळ्यात लांबून आलेल्या पाखरांच्या थव्यात विमान घालणे हा खेळ नव्हे. आपल्या साध्या पाझर तलावावरही बदके उतरलेली दिसली, तर दुसरा दिवस धरा.

उरला गावचा साधा पाझर तलाव किंवा मोठे गावतळे. शंभर मीटर मोकळे पाणी हवे. जलपर्णी नको. पाणी उतरले की बुडालेल्या बाभळींची खुंटे वर येतात, ती आधी हेरून ठेवा. उच्चदाबाची तार तलावावरून गेली असेल तर तो तलाव सोडाच. ग्रामपंचायतीला, आणि तलाव पाटबंधारे खात्याचा असेल तर तिथल्या शाखा कार्यालयाला सांगून ठेवा. मच्छीमार संस्थेचा ठेका असेल तर त्यांच्या माणसाशी बोला. जाळी कुठे टाकली आहेत ते त्यालाच ठाऊक असते, आणि पुढे त्याच्याच होडीचे काम पडणार आहे.

काठ निवडताना डोके लावा. वारा ज्या काठाकडे वाहतो, त्या काठावर उभे राहा. मूठभर वाळलेले गवत उडवले की वारा कळतो. असे केल्याने बंद पडलेले विमान वाऱ्यानेच हळूहळू तुमच्याकडे येते. वेळ सकाळची. दिवस उगवल्यानंतर तासभर पाण्यावर बारीक शिरशिरी असते, ती उत्तम. आरशासारखे निवांत पाणी बघायला सुंदर दिसते, पण ते तळाला जास्त चिकटते आणि उतरताना पाणी किती खाली आहे याचा अंदाज चुकवते. मोठ्या जलविमानांच्या वैमानिकांनाही या आरशाची धास्ती असते.

पळ, चढ, सुट

तळ्यावर जाण्याआधी मुलाने संगणकावरच्या सिम्युलेटरवर दहा-वीस तास हात बसवावा. विमान आपल्याकडे तोंड करून येत असताना डावे-उजवे उलटे होते, ते मेंदूत मुरायला वेळ लागतो. शक्य असेल तर चाके लावून गवताळ माळावर पहिली उड्डाणे करावीत.

पाण्यावर विमान वाऱ्याच्या दिशेला आपणहून तोंड करते. त्याला ब्रेक नाही. रडरच्या खालच्या टोकाला पत्र्याची छोटी जीभ लावून पाण्यात बुडती ठेवली, तर ते वळवता येते. उडवताना नेहमी वाऱ्याच्या तोंडावर. एलिव्हेटरची कांडी मागे ओढून धरायची आणि मोटारीचा जोर हळूहळू वाढवायचा. आधी विमान बैलाने चिखलातून गाडी ओढावी तसे नाक वर करून पाणी ढकलत जाते. मग एका क्षणी ते पायरीवर चढते, फवारा मागे सरकतो आणि पळ एकदम हलका होतो. इथे कांडी सैल सोडायची. वेग येऊ द्यायचा. मग अगदी हळू मागे ओढायची, की विमान सुटते. घाई करून ओढून काढलेले विमान दोन मीटरवर जाऊन पंख टाकते आणि पाण्यात डोके घालते.

वर गेल्यावर रुंद, सावकाश वळणे घ्या. उड्डाण पाच-सहा मिनिटांतच संपवा आणि मोबाइलवर गजर लावून ठेवा. बॅटरी पूर्ण पिळून काढण्यात बहादुरी नाही, कारण उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला तर दुसऱ्यासाठी जोर शिल्लक हवा. उतरतानाही तोंड वाऱ्याकडे, मोटार थोडी चालू, उतार मंद. पाण्यापासून वीतभर वर आल्यावर नाक जरासे उचलायचे आणि विमानाला आपणहून बसू द्यायचे. बसल्यावरही ते पूर्ण थांबेपर्यंत कांडी मागेच धरायची.

अट

आता त्या अटीकडे येऊ. विमान कधी ना कधी पाण्यात बंद पडणारच. बॅटरी सुटेल, शेवाळ पंख्यात अडकेल, उलटून तरंगत राहील. काठापासून ते असते पन्नास-साठ मीटरवर, डोळ्यांसमोर. मुलाचे दोन महिन्यांचे काम आणि बापाचे दहा हजार त्या पाण्यावर हेलकावे खात असतात. त्या क्षणी चौदा वर्षांच्या पोराला पाणी दिसत नाही, विमान दिसते. पोहता येते म्हणून तो शर्ट काढतो. पाझर तलावाचा तळ मात्र सरळ नसतो. गाळ काढताना, मुरूम नेताना पडलेले खड्डे असतात, काठाशी गाळ असतो, वेल आणि जाळी असतात, आणि कार्तिकातले सकाळचे पाणी हातपाय आखडून टाकते.

म्हणून परत आणण्याची तयारी विमान बांधण्याच्या आधी झाली पाहिजे. पहिला उपाय, थांबणे. वाऱ्याचा काठ बरोबर निवडला असेल तर विमान तासाभरात येते. फोमचे विमान बुडत नाही. दुसरा उपाय, गळाची मजबूत दोरी आणि तिच्या टोकाला टेनिसचा चेंडू. चेंडू विमानाच्या पलीकडे फेकायचा आणि दोरी हळू ओढायची, फ्लोट त्यात अडकतो. तिसरा उपाय, मच्छीमाराची होडी आणि तिच्यात स्वतः तो मच्छीमार. चौथा उपाय नाही. विमान गेले तर गेले. ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबला लांब दोर बांधून ती काठावर ठेवा, पण ती कोणी चुकून पडला तर त्याच्यासाठी. विमान आणायला तिच्यावर बसून जायचे नाही.

ही अट मुलाला नुसती सांगून भागणार नाही. "तू एकटा तळ्यावर जायचं नाहीस, मी किंवा काका असल्याशिवाय बॅटरी जोडायची नाही," असे ठरवा आणि बॅटरी घरातल्या मोठ्या माणसाच्या ताब्यात ठेवा. बॅटरीवाचून विमान उडत नाही, तेव्हा पाळत ठेवायची गरजच उरत नाही. आणि विमान खरेच गेले, तर पोराला बोलू नका. "दहा हजार पाण्यात घातलेस" हे वाक्य ज्याच्या कानावर पडेल अशी भीती असते, तोच मुलगा पाण्यात उडी मारतो.

कायद्याचे दोन शब्द

२५ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्राचे ड्रोन नियम निघाले. हौसेने उडवलेली रेडिओची विमानेही त्यात धरली आहेत. देशाचे आकाश लाल, पिवळे आणि हिरवे अशा पट्ट्यांत वाटले आहे. लाल पट्ट्यात केंद्राच्या परवानगीशिवाय काहीही उडवायचे नाही. विमानतळाच्या आसपासच्या पिवळ्या पट्ट्यात विमान वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. हिरव्यातही ४०० फुटांच्या वर जायचे नाही आणि विमान सतत नजरेच्या टप्प्यात ठेवायचे. आपला तलाव कोणत्या पट्ट्यात येतो आणि नोंदणीसाठी काय करावे लागते, ते सरकारी संकेतस्थळावर आधी पाहून घ्या. पोलिस पाटलांच्याही कानावर घाला. गावात अनोळखी काही उडताना दिसले, की अफवा विमानापेक्षा वेगाने उडतात.

यातून मिळते काय

मोठ्या जलविमानांचा अनुभव आपल्याकडे फारसा सुखाचा नाही. २०१४ साली जुहूहून लोणावळ्याजवळच्या अॅम्बी व्हॅलीपर्यंत जलविमान सुरू झाल्याचा गाजावाजा झाला, ते टिकले नाही. गुजरातेत ३१ ऑक्टोबर २०२० रोजी साबरमती ते केवडिया सेवा सुरू झाली, तीही पुढल्याच वर्षी थांबली. त्यामुळे हे विमान करून पोरगा उद्या जलविमानाचा पायलट होईल, असे आमिष आम्ही दाखवणार नाही.

पण फवारणीचे ड्रोन गावात आले आहेत. बचतगटांतल्या महिलांना ड्रोन देण्याची योजना केंद्राने २०२३ मध्ये मंजूर केली. त्या ड्रोनच्या पोटात काय असते? ब्रशलेस मोटारी, स्पीड कंट्रोलर, लिथियम बॅटऱ्या आणि रेडिओ. माप मोठे, जात तीच. ऐन फवारणीत तो बंद पडला, तर शहरातून माणूस येईपर्यंत कीड थांबत नाही. ज्या पोराने स्वतःच्या विमानाची वायर चार वेळा डागली आहे, बॅटरी का फुगते ते ज्याला कळले आहे, तो हे काम शिकायला दोन पावले पुढे असतो. एन.सी.सी.च्या एअर विंगमध्ये विमानांच्या प्रतिकृती करण्याला आजही जागा आहे, तिथेही हा हात उपयोगी पडतो.

शाळांनीही मनावर घ्यावे. विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी तोच ज्वालामुखी आणि तेच पवनचक्कीचे चित्र. त्याऐवजी पाच मुलांनी मिळून एक विमान केले, तर खर्च वाटला जातो, आणि तळ्यावर एकट्याने जाण्याचा प्रश्नही सुटतो. एकाने रेडिओ धरावा, एकाने वारा पाहावा, एकाने घड्याळ लावावे, एकाने दोरी-चेंडू तयार ठेवावा आणि एकाने काठावरच्या बारक्या पोरांना मागे सारावे. शिक्षकांनी ट्यूबचा दोर हातात ठेवावा.

तेव्हा यंदाच्या सुटीत पोराने विषय काढला, तर चहाची बशी खाली ठेवा. "फ्लोटची पायरी कुठं घेतलीस?" असे विचारा. त्याला सांगता आले, तर त्याचा अभ्यास झालेला आहे असे समजा. मग दुसरा प्रश्न विचारा, "बंद पडलं तर आणणार कसं?" त्याचेही उत्तर बरोबर आले, तर पैसे द्या. आणि पहिल्या दिवशी मळ्यातले पाणी तासभर उशिरा धरा. तलावाच्या काठावर तुमची गरज जास्त आहे.